रघूचा वीरगळ

अंबरनाथ (पूर्व)
१८ जानेवारी १९८७

चि. बाळ यास,

आशीर्वाद. तू इंग्लंडला गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझी पत्रं नानांना येतात, शेवटी 'ताईला नमस्कार' असतो, तो मला पोचतो. आज लिहितेय तेही माझ्यासाठी नाही. बनूबाईसाठी लिहितेय.

ती अजून पालेगावहून भाजीची पाटी घेऊन येते. तिचा लेक रघू गेल्यापासून चार वर्षांत एवढंच बदललंय की पूर्वी ती दारातून हाक मारायची, आता पायरीवर बसून राहते आणि मी बाहेर येईपर्यंत थांबते. गेल्या मंगळवारी भाजी निवडून झाली तरी उठेना. मी चहा दिला. म्हणाली, "बाय, रघूचा दगर करायचाय. मारुतीजवल हायेत तसा."

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं, तुला कळणार नाही म्हणून सांगते. पालेगावच्या तळ्याच्या बांधावर जुने दगड अर्धे गाडलेले होते, आठवत असतील. आपण लहानपणी त्यांच्यावर बसून बोरं खाल्ली आहेत. मागच्या वर्षी तिथं प्लॉट पाडायला सुरुवात झाली आणि मशीननं ते दगड उपटून काढले. गावानं ते धुतले, शेंदूर लावला आणि मारुतीच्या देवळाशेजारी रांगेत उभे केले. ते वीरगळ आहेत, बाळ. आपल्या शिवमंदिराच्या काळातले असतील, नसतील तर थोडे नंतरचे. लढताना, गुरं वाचवताना, गाव राखताना मेलेल्या माणसांचे. तीन चौकटी एकावर एक. खालच्या चौकटीत तो कसा मेला ते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतायत. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढे बसलाय, आणि चंद्र-सूर्य. एवढी वर्षं मातीत असल्यामुळे खालची चौकट गावात कुणी पाहिलीच नव्हती. आता बायका भाजीला निघताना तिथं थांबतात. बनूबाईही थांबली.

मी तिला म्हटलं, करू या. उल्हासनगरात बाळाजी म्हणून एक पाथरवट आहे, पाटे-वरवंटे घडवतो, सिंधी लोकांच्या देवळांतल्या संगमरवरी पाट्याही करतो. त्याला विचारलं. त्यानं एकच विचारलं, "बाई, खाली क्या निकालना है? माणूस मेला कसा?"

हाच प्रश्न तुला विचारते. चौकशीत तू सांगितलंस की रघूच्या तोंडाला दारूचा वास येत होता, तो तोल जाऊन टाकीत पडला. रविवार होता, कारखाना बंद होता, रसायनाची टाकी धुवायला चंदू आणि रघू होते आणि देखरेखीला तू. रघू गेला. चंदूची जीभ तेव्हापासून जड झाली आणि त्याला त्या दिवशीचं काही आठवत नाही. म्हणजे सांगू शकणारा तू एकटा आहेस.

चंदूच्या आईनं त्याला आंघोळ घालताना पाहिलं होतं, त्याच्या दोन्ही काखांत दोराचे वळ होते. बनूबाईनं मला विचारलं, "रघू पिऊन पडला, तर चंदूला दोर कुनी बांदला?"

उत्तर तू दे.

तुझी,
कुंदाताई

०

अंबरनाथ
१५ मार्च १९८७

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. आठ पानं. नानांनी ते माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं, मग शेजारच्या प्रधानांना ऐकवायला लावलं; रघूबद्दलची ओळ मी दर वेळी गाळली. त्यांना वाटतं भाऊबहिणीचं जुळलं.

तू तुझ्या गावातल्या चर्चबद्दल लिहिलंयस. सुरेख लिहिलंयस, हे मान्य करते. जाड भिंती, चौकोनी मनोरा, अर्धगोल कमान बाकीच्या बांधकामापेक्षा जुनी आणि तिच्यावरच्या नक्षीचे दात एकेक हातानं कोरलेले. जमिनीतच थडगी, लोक नावांवर पाय देऊन जातात आणि नावं झिजत जातात. तो दगडी सरदार पाठीवर निजलेला, पायावर पाय टाकून, पायाशी कुत्रा, नाक कधीच गेलेलं. शाळेतल्या मुलांना मी तू पाठवलेला त्याचा फोटो दाखवला. एकानं विचारलं, "बाई, हा झोपलाय की मेलाय?" मी म्हटलं, त्यांच्याकडं दोन्ही एकच मानतात. खरं की नाही ते तूच सांग.

आणि कमानीच्या वर, चुन्याच्या थराखालून वर येत असलेलं ते चित्र. मेलेली माणसं थडग्यातून उठतायत आणि एक देवदूत तराजू धरून उभा आहे. तू लिहितोस की तू नास्तिक असूनही रविवारी तिथं जाऊन बसतोस, आणि नेमका त्या चित्रासमोरच्या बाकावर बसतोस. असं का, ते मात्र लिहिलेलं नाहीस.

मी विचारलेल्या गोष्टीवर तुझी एकच ओळ आहे. 'इथल्या भिंतीवरच्या पाट्यांवर माणूस कसा मेला ते लिहीत नाहीत, प्रेमळ पती, दयाळू धनी एवढंच असतं; तुम्हीही रघूचं नाव आणि दोन चांगले शब्द कोरा, पुरे.'

रविवारी मी आपल्या देवळात गेले. नदीला आता रोज नवा रंग असतो, त्या दिवशी जांभळा होता. गाभाऱ्यात खाली उतरून बसले. वर शिखर उघडं, त्यातून उजेड पिंडीवर पडतो तो तसाच पडतो. बाहेरच्या भिंतीवर एक इंच मोकळा नाही, देव, नर्तकी, जनावरं, भिक्षा मागणारे. पण तिथं कुणाचं नाव नाही. राजाचा लेख आहे तो उत्तरेच्या दारावर, वर, दिसेल न दिसेल असा. बांधणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत.

तुमच्याकडं नाव ठेवतात आणि मरण झाकतात. आमच्या पालेगावच्या दगडांवर नाव नाही, मरण आहे. गुरं कुठल्या बाजूला पळतायत, भाला कुठून आलाय, सगळं आहे. दोन चांगले शब्द कोरायला बनूबाईला माझी गरज नव्हती. तुझी तर नव्हतीच.

प्रश्न तोच आहे.

ताई

०

अंबरनाथ
३ मे १९८७

बाळ,

तुझं उत्तर नाही. मी तरी लिहितेय, कारण इथं गोष्टी पुढं सरकल्या आहेत.

रघूचा मोठा भाऊ आनंदा दगडाच्या विरोधात आहे. त्यानं मला रस्त्यातच गाठलं. वाईट बोलला नाही, कधीच बोलत नाही. म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. आईला समजवा. त्या रांगेत गावासाठी मेलेले हायेत. आमचा रघू दारू पिऊन टाकीत पडला. त्याला तिथं बसवला तर उद्या पोरं हसतील." मी म्हटलं, तो प्यायला होता हे तू पाहिलंस का? तो म्हणाला, "बाळसायबांनी सांगितला ना. त्यांनीच त्याला लावलावता कामाला, ते कशाला खोटा बोलतील?"

ते मी गिळलं आणि विठाला भेटायला गेले. विठा म्हणजे रघूची बायको, तू तिला लग्नात पाहिलंयस. ती आता माहेरी जांभूळला असते, पाण्याच्या कारखान्याजवळ त्यांचं घर आहे. मुलगी पाच वर्षांची झाली, बकुळा. विठा दारात मासळी साफ करत होती. मी दगडाचं सांगितलं तर तिनं हात थांबवला नाही.

"सासूला करायचा तो करू दे. माज्याकडून काय पायजे?"

"काही नको. तुला काय वाटतं ते विचारायला आले."

हातातला मासा धुऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाई, लगीन झाला तेव्हा तो प्यायचा. मी काय बोलली नाय. ही झाली तेव्हा बारशाला हिच्या डोक्यावर हात ठेवून बोलला, आजपासून शिवनार नाय. मी इस्वास ठेवला. वरीसभर नाय शिवला. आनि मेला त्या दिवशी पिऊन मेला." मासळीचं पाणी तिनं आंब्याच्या बुंध्यात ओतलं. "लोकांचे नवरे मरतात, बाया रडतात. मला रडू बी नाय आला. पोरीच्या डोक्यावरचा हात खोटा निघाला, त्याला काय रडू?"

म्हणून ती पालेगावला राहिली नाही. मला आजवर वाटायचं सासू-सुनेचं बिनसलं.

बाळ, मी तिथून चालत स्टेशनपर्यंत आले. उन्हाचं काही जाणवलं नाही. रघू प्यायला असेल तर असेल, तसं लिही, आम्ही दगडाचा नाद सोडू. पण प्यायला नसेल, तर ती बाई चार वर्षं मेलेल्या माणसावर रागावून जगतेय, आणि तो राग तू दिलेला आहेस.

कुंदा

०

अंबरनाथ
१२ जुलै १९८७

बाळ,

नानांना कळलं. तुझं जूनचं पत्र त्यांच्या हाती पडलं आणि प्रधानांनी ते त्यांना वाचून दाखवलं. 'ताईला सांगा, त्या प्रकरणात पडू नये' हे वाक्य प्रधान वाचून गेले आणि मग पुढचं पत्र घाईनं उरकलं म्हणे.

प्रधान गेल्यावर नानांनी मला समोर बसवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तरी खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं.

"कुठलं प्रकरण?"

मी सांगितलं. वळाचं, शपथेचं, दगडाचं.

"बाळ खोटं बोलला असं म्हणतेस?"

"मी म्हणत नाही. त्याला विचारतेय."

"मी पस्तीस वर्षं कारखान्यात काढली, कुंदा. असल्या वेळी माणसाला वरून काय सांगितलं जातं ते मला ठाऊक आहे. पोरगा सव्वीस वर्षांचा होता. त्याचं पुढं सगळं व्हायचं होतं."

"रघू चोवीसचा होता, नाना."

मग म्हणाले, "मेलेल्याला काही लागत नाही. माझा जिवंत आहे. त्याला जगू दे."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशी बनूबाई आली तेव्हा ते दार लोटून आत बसले. तिला वाटलं त्यांची तब्येत बिघडली. तिनं त्यांच्यासाठी रानातली शेवळं आणली होती, तुझ्या लक्षात असेल ती त्यांना किती आवडतात. ती मी केली. त्यांनी ताटात तशीच ठेवली.

माझं लिहून झालं, बाळ. हे शेवटचं पत्र समज. यापुढं नानांची तब्येत प्रधान कळवतील.

कुंदा

०

अंबरनाथ
४ ऑक्टोबर १९८७

प्रिय बाळ,

कॅसेट मिळाली. वर तू लिहिलंयस, 'बनूबाई आणि विठाला ऐकवणे, ताईने आधी ऐकू नये.' मी ऐकली नाही.

शाळेचा टेपरेकॉर्डर मागून घेतला. जांभूळला जाऊन विठाला म्हटलं, रघूचं कळायचं आहे, चल. ती बकुळाला घेऊन निघाली, काही विचारलं नाही. पालेगावात बनूबाईच्या ओटीवर आम्ही बसलो. आनंदा खांबाला टेकून उभा होता. चंदूला त्याची आई हाताला धरून घेऊन आली. दुपारची वेळ होती, भात कापणीला आला होता, गावात फारसं कुणी नव्हतं.

तुझा आवाज बदललाय. थोडा जाड झालाय. सुरुवातीला तू नुसता श्वास घेत होतास, बनूबाईनं मशीनकडं वाकून बघितलं.

तू काय बोललास ते तुला ठाऊक आहे. तरी मी लिहिते, म्हणजे आम्हाला काय ऐकू आलं ते तुला कळेल. टाकीतली हवा, आत विषारी वायू साठतो म्हणून, तपासायला पाहिजे होती, माल निघायची घाई होती म्हणून तू तपासली नाहीस, आणि चंदूला उतर म्हणालास. तो उतरला आणि बसल्यासारखा खाली पडला. तू टाकीच्या तोंडावर उभा राहिलास आणि तुझे पाय हलेनात. रघू पंपाकडून धावत आला, तोंडाला रुमाल बांधला. तुला म्हणाला, "साहेब, जाऊ का?" तू बोलला नाहीस. नुसती मान हलवलीस. तो उतरला, गाळ काढायच्या कप्पीचा दोर त्यानं चंदूच्या काखेतून बांधला, हात वर केला. तू ओढलंस. चंदू वर आला. तू दोर पुन्हा खाली सोडलास. रघू भिंतीला टेकून बसला होता, त्याची मान वर होती. दोर त्याच्या मांडीवर पडला. त्यानं धरला नाही.

मग तू म्हणालास, "त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मला वरून सांगायला सांगितलं म्हणून मी तसं सांगितलं. त्यानं दारू प्यायली नव्हती. बनूबाई, विठा, तो शुद्धीत खाली उतरला." पुढं बराच वेळ नुसती खरखर होती. मी मशीन बंद केलं.

कुणी रडलं नाही. कोंबड्या ओटीवर चढल्या, त्यांना कुणी हाकललं नाही. मग विठानं अंगणातून बकुळाला हाक मारली, पोर आली, तिनं तिला मांडीत घेऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून फिरवला नाही, नुसता ठेवला. त्यानंतर तिला रडू आलं. चार वर्षांचं रडू होतं ते. बकुळा घाबरली, पण विठानं हात काढला नाही.

चंदू काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. त्याच्या आईनं समजावून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, "तो बोलतंय, मी जड व्हतो." एवढंच. तो खाली बघत राहिला.

बनूबाई मला म्हणाली, "बाय, मागं घे."

"सगळं?"

"नाय. त्यानं इचारला तेवढा."

मला ती जागा सापडेना, दोनदा पुढं गेले, दोनदा मागं. सापडली. 'साहेब, जाऊ का?' तुझ्याच आवाजात, पण तू ते रघूसारखं बोलला आहेस, 'साहेब'वर जोर देऊन. ती म्हणाली, "परत." मी परत लावलं. तिनं ते किती वेळा ऐकलं मी मोजलं नाही. शेवटी मशीनच्या बॅटऱ्या उतरल्या आणि आवाज ओढल्यासारखा व्हायला लागला, तेव्हा तिनंच हात वर केला.

निघताना आनंदा माझ्याबरोबर वेशीपर्यंत आला. म्हणाला, "दगर रांगेतच बसल. कोन नाय बोलतो बघू."

मी बनूबाईला विचारलं होतं, बाळला काय कळवू? ती म्हणाली, "ऐकला म्हून कळव." त्याहून जास्त काही ती बोललेली नाही आणि मी तिच्या वतीनं काही जोडणार नाही.

माझं म्हणशील, तर मी तुझी कॅसेट कपाटात आईच्या शालूखाली ठेवलीय. कारखान्यात आता नवे मालक आहेत. इथं तुला कुणी काही करणार नाही, केलं तरी ते तू पाहून घे. नानांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दार लावून घे."

ताई

०

अंबरनाथ
२२ नोव्हेंबर १९८७

प्रिय बाळ,

दगड आला. काळा, बिनचिरेचा, बाळाजीनं खाणीतून स्वतः निवडून आणला. मारुतीच्या पाराखाली आडवा टाकून तो तिथंच घडवतोय. मी शनिवारी शाळा सुटली की जाते.

पहिल्या दिवशी खडूनं आखताना त्यानं कडेला एक हात काढला, कोपरात वाकलेला, बांगड्यांचा. जुन्या दोन दगडांवर तसा आहे. विठानं विचारलं, हा कोणाचा? मी सांगितलं, नवऱ्याबरोबर सती गेलेल्या बाईचा. ती म्हणाली, "मी जिवंत हाय. मला पोर वाढवायची हाय. पूस." बाळाजीनं ओल्या फडक्यानं पुसला.

मग मधली चौकट. त्यानं दोन्ही बाजूंना दोन अप्सरा आखल्या, रीतीप्रमाणे. विठा त्यांच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "ह्या कोन?" मी सांगितलं, स्वर्गात न्यायला येतात. "परक्या बाया कशाला? पुसा."

बनूबाई हसली, बाळ. तोंडावर पदर धरून हसली. रघू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. विठाही मग हसली आणि लगेच दुसरीकडं तोंड केलं.

बाळाजी वैतागला. "अरे पण वर कोण नेणार त्याला? कोई तो चाहिए ना."

चंदू पारावर बसला होता. तो रोज येतो, छिन्न्या मोजून देतो, दगडावर पाणी मारतो. विठानं त्याच्याकडं बघितलं. ती इतकी वर्षं त्याच्याशी बोललेली नाही. तो जगला आणि तिचा गेला, म्हणून. ती म्हणाली, "याला काढ. दोर याच्या हातात दे. हा वढल."

तसंच झालंय. मधल्या चौकटीत चंदू वरून दोर ओढतोय आणि रघू वर येतोय.

आता खालची. टाकी आहे, आत चंदू पडलाय, रघू त्याला दोर बांधतोय. बाळाजीला वाटलं झालं. बनूबाई बोट लावून म्हणाली, "वरती सायब उभा व्हता ना? तो कुठं हाय?"

माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

मी म्हटलं, "बनूबाई, तो पाहिजेच का?"

ती माझ्यावर चिडली नाही. म्हणाली, "बाय, दोर त्यानं वढला. चंदूला त्यानं काढला. मान बी त्यानंच हलवली. झाला तसा काढायचा ना? तूच बोल्लीस, खाली झाला तसा असतो."

मीच म्हणाले होते. म्हणून तू दगडावर आहेस, बाळ. टाकीच्या काठावर, पँट घातलेला, हातात दोर. बाळाजीनं मला विचारलंय, साहेब कुठं बघतोय? खाली रघूकडं की दुसरीकडं? त्यावर मान कशी वळवायची ते ठरेल. हे मला माहीत नाही. तू कॅसेटवर सांगितलेलं नाहीस.

लवकर कळव. तो थांबलाय.

ताई

०

अंबरनाथ
१० एप्रिल १९८८

प्रिय बाळ,

तुझं उत्तर एका ओळीचं होतं आणि ते मी बाळाजीला तसंच सांगितलं. तू खाली बघतोयस. रघू वर बघतोय. दोघांची नजर मिळाली आहे.

परवा दगड उभा केला. चैत्रातला दिवस, ऊन लवकर चढलं. आनंदा आणि गावातल्या दहाबारा जणांनी खांदा लावला. रांगेतल्या शेवटच्या जुन्या दगडाशेजारी खड्डा घेतला होता. जुने दगड झिजून मऊ झालेले, हा नवा, कडा तीक्ष्ण. बनूबाईनं दूध ओतलं, विठानं फुलं वाहिली. बाळाजीला आनंदानं नवं धोतर आणि नारळ दिला. तो म्हणाला, आजवर एवढं पुसायला कुणी लावलं नव्हतं.

नाना येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सकाळी उठून दाढी केली, कोट मागितला आणि म्हणाले, "रिक्षा बोलव." पालेगावात उतरल्यावर त्यांना दगड दिसेना, उन्हात त्यांना सगळं पांढरं दिसतं. मी हात धरून नेलं. त्यांनी बोटांनी दगड चाचपला, वरून खाली. पिंड, चंद्र, सूर्य. दोर. मग खाली वाकले आणि काठावरच्या माणसापाशी त्यांची बोटं थांबली. पँटच्या घडीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"हा बाळ का?"

बनूबाई म्हणाली, "व्हय नाना. तुमचा बाळ."

मला वाटलं ते खचतील. ते तसेच वाकून राहिले. मग बोट खाली नेलं, टाकीत, रघूच्या डोक्यावर ठेवलं आणि विचारलं, "आणि हा रघू." बनूबाई म्हणाली, "हा माजा."

नानांनी टोपी काढून काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. ते बनूबाईला काही म्हणाले नाहीत, तिनंही वाट पाहिली नाही. तिनं त्यांना पारावर सावलीत बसवलं आणि ताक आणून दिलं. ते प्यायले. परत येताना रिक्षात म्हणाले, "त्याला लिही, मला दिसत नाही तोवर ठीक आहे, पण जूनमध्ये डोळ्याचं ऑपरेशन आहे. मग मला ते दिसेल. तेव्हा तो इथं असला पाहिजे." त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

विठा पालेगावला राहायला आली आहे. बनूबाईच्या ओटीशेजारची खोली आनंदानं तिला शाकारून दिली. येत्या जूनपासून बकुळा माझ्या शाळेत येईल.

तुझ्या मागच्या पत्रात तू विचारलंयस की तू आलास तर त्या लोकांना चालेल का. तुमच्या चर्चमधल्या त्या चित्राबद्दलही लिहिलंयस, चुना आणखी निघाला आणि तराजूचं दुसरं पारडं दिसायला लागलं म्हणून. ते तिथं राहू दे. मी विठाला विचारलं, बाळ आला तर चालेल का? ती तांदूळ पाखडत होती. बराच वेळ सूप खालीवर होत राहिलं.

मग म्हणाली, "मला एकच इचारायचाय त्याला. त्या दिवशी मी डब्यात भाकर नि सुकट दिलेली. दुपारपर्यंत रघूनं ती खाल्लीवती का, का उपाशीच उतरला?"

हे मला ठाऊक नाही, नानांना नाही, चंदूला आठवत नाही. तुला माहीत असेल. पण ते पत्रात लिहू नकोस आणि कॅसेटवरही पाठवू नकोस. तिच्या दारात येऊन तिला सांग.

तुझी वाट बघते.

कुंदाताई